खारपाणपट्ट्यातला समुद्र

वरवट बकालमध्ये पाहुणा दारात आला की त्याला आधी विचारतात, जारचं देऊ का बोरचं? नवखा माणूस गोंधळतो. गावातला माणूस मात्र समोरच्याची ऐपत आणि आपली तहान पाहून उत्तर देतो. हा सगळा खारपाणपट्टा. जमिनीखाली पाणी आहे, पण जिभेवर ठेवलं की तोंड वाकडं होतं. म्हणून प्यायला वीस लिटरचा जार, आणि भांडी, आंघोळ, गुरं यांना बोरचं, असा सगळ्या घरांचा रिवाज. धम्मशीलाच्या घरात तिसरंही पाणी होतं, समुद्राचं. समुद्र इथून पाचशे-सहाशे किलोमीटरवर, तेव्हा या बाईच्या बैठकीत तो आला कुठून, हे सांगायला हवं.

आणला तिच्या नवऱ्यानं. प्रेमानंद गावातल्या हायस्कुलात प्रयोगशाळा परिचर होता. परीक्षानळ्या धुवायच्या, आम्लाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, पोरांनी काही फोडलं तर सरांच्या आधी आपण ओरडायचं, हे त्याचं काम. एका वर्षी शाळेच्या सहलीबरोबर तो रत्नागिरीला गेला, तिथं काचेमागे जिवंत प्रवाळ पाहिलं आणि येताना गाडीत कोणाशी बोललाच नाही. पुढच्या दिवाळीत चार फुटी काचेची टाकी घरात आली. ज्या जागी लोक टीव्ही ठेवतात तिथं ती बसली. अकोल्याच्या सईदभाईंचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. दगड, वाळू, पंप, पुड्यातलं समुद्री मीठ सगळं त्यांच्याकडून. जारच्या पाण्यात ते मीठ कालवून, मोजून, ढवळून प्रेमानंदनं समुद्र तयार केला.

आता गाव ते गाव. बघायला सगळे आले. खायचे आहेत का, विचारून झालं. किलोला काय भाव पडतो, तेही झालं. आणि प्रत्येकानं, अगदी प्रत्येकानं, एक अक्कल शिकवलीच: अरे बावा, आपल्या जमिनीत एवढं खारं पाणी फुकट पडलं आहे, अन् तू अकोल्याहून मीठ विकत आणतो? प्रेमानंद शांतपणे सांगायचा की खारं असलं म्हणजे समुद्र होत नाही, आपल्या पाण्यातले क्षार वेगळे, त्यात सोडा आहे, खतांतून उतरलेलं नायट्रेट आहे, हे जीव त्यात मरतील. लोक मान हलवायचे आणि बाहेर जाऊन त्याला वेड्यात काढायचे.

पहिल्या वर्षी अकरा मासे मेले. सईदभाईंनी तेव्हाच त्याला सांगितलं होतं की शहरातली गिऱ्हाइकं रंग बघून घेतात, दीड महिन्यात मेलेलं काढून टाकतात आणि नवं घेऊन जातात. दुकान चालतं ते त्याच्यावर. प्रेमानंदला ते लागलं. त्यानं नवं काही घेणंच बंद केलं. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी तगली होती, एक मोठी मादी आणि एक लहान नर, तीच ठेवली. थोडं हिरवं गालिच्यासारखं प्रवाळ, आणि एक मऊ, बोटभर देठाचं, वर टोपी असलेलं. त्याला तो छत्री म्हणायचा. ती नऊ वर्षांत ताटाएवढी झाली. कोणी विचारलंच की यात तू काय कमावलं, तर म्हणायचा, मासा म्हातारा होऊन मेला की मी पास. आणि रोज संध्याकाळी टाकीसमोर बसून बायकोला सांगायचा, आज काही झालं नाही. हे तो इतक्या समाधानानं सांगायचा की धम्मशीलाला राग यायचा. काही झालं नाही, यात सांगण्यासारखं काय आहे?

ती धाड गावची. तिकडं विहिरीला गोड पाणी. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन इथं आली आणि पहिल्याच दिवशी तांब्यातला घोट तिनं अंगणात थुंकला. तेव्हा जारबिर नव्हते. सासू बनाबाई हसून लोटपोट झाली होती. म्हणाली होती, महिन्याभरात जिभेले सवय होते माय, मंग गोड पान्यालेच चव लागत नाही. झालीही सवय. पुढं धम्मशीला अंगणवाडी सेविका झाली. लेकरांची वजनं घ्यायची, उंची लिहायची, खिचडी शिजवायची. मुलगी समता शिकली, अमरावतीला लग्न होऊन गेली. ठीक चाललं होतं म्हणायचं.

मग प्रेमानंदच्या दोन्ही किडन्या गेल्या. या भागात ही गोष्ट नवी नाही. ज्याच्या त्याच्या आळीत एक तरी असा माणूस आहे. पाण्यामुळे का, असं डॉक्टरला विचारलं तर तो म्हणाला, नक्की सांगता येत नाही. बनाबाई तेव्हा बाजूच्या बाकावर बसली होती. तिनं ते ऐकलं. आठवड्यातून दोनदा खामगावला डायलिसिस सुरू झालं, ते दोन वर्षं चाललं. आणि पाण्याला बंधन आलं. दिवसाला एक लिटर, त्यात चहा धरायचा, वरणाचं पाणीही धरायचं. लघवी होत नाही, पाणी अंगात साठतं, फुफ्फुसात चढतं, असं नर्सनं धम्मशीलाला बाजूला घेऊन समजावलं होतं. लेकरांची वजनं करणारी बाई ती. मोजमापात कच्ची नव्हती. सकाळी एक लिटरची बाटली भरून ठेवायची, आणि घरातलं जे काही नवऱ्याच्या पोटात जाईल ते त्या बाटलीतूनच. नातेवाईक म्हणत, कशी संभाळते बाई. ती संभाळतच होती.

गेल्या सप्टेंबरात एका संध्याकाळी, सात वाजायचे असतील, त्यानं पाणी मागितलं. बाटली रिकामी झाली होती. ती म्हणाली, "आता उद्याच." त्यानं पुन्हा मागितलं नाही, हट्ट केला नाही. तो टाकीकडं तोंड करून पडून राहिला आणि ती पोळ्या करायला आत गेली. सकाळी तो उठला नाही.

धम्मशीला रडली नाही. बायका म्हणाल्या, घट्ट मनाची आहे. घट्टबिट्ट काही नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर ओठ असतो पण आपला वाटत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. पुण्यानुमोदनाच्या सभेत लोक त्याच्याबद्दल बोलले, तिनं ऐकलं. आठव्या दिवशी अंगणवाडी उघडली. मुलं यायची, ती त्यांना काट्यावर बसवायची, आकडा वाचायची. जेवण बेचव लागायचं तरी जेवायची. रात्री झोपही लागायची, आणि झोप लागते याचीच तिला लाज वाटायची. पाण्याची ती गोष्ट तिनं कोणालाच सांगितली नाही, लेकीलाही नाही.

टाकी विकून टाक, असं सगळ्यांनी सुचवलं. सईदभाई स्वतः म्हणाले की मी येऊन घेऊन जातो. ती नाही म्हणाली. माशांवर तिचा जीव होता म्हणून नव्हे हो. तिला त्या माशांचं कधीच काही वाटलं नव्हतं. पण प्रेमानंदनं शेवटच्या वर्षात तिला सगळं शिकवून ठेवलं होतं. टाकीतलं पाणी हवेत उडतं, मीठ उडत नाही, मागे राहतं. म्हणून रोज जेवढं उडालं तेवढंच गोड पाणी, जारचं, वरून घालायचं. खारं घालायचं नाही. हे त्यानं दहादा सांगितलं होतं. आणि तिच्या डोक्यात एवढंच बसलं होतं: मागणाऱ्याला आपण पाणी दिलं नाही, आता याच्या काचेत तरी कमी पडू द्यायचं नाही. रोज संध्याकाळी ती काचेवरच्या पट्टीपर्यंत पाणी भरायची. पट्टी म्हणजे दवाखान्यातून उरलेल्या चिकटपट्टीचा तुकडा. भरून झालं की दिवसातलं एक काम नीट झालं असं वाटायचं. दुसऱ्या कशानंच वाटत नव्हतं.

एप्रिलमध्ये समताचं बाळंतपण आलं. आईनं जायलाच हवं होतं. चार आठवडे घरात एकटी बनाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, पण कणखर. आयुष्यभर बोरचं पाणी पिऊनही तिच्या किडन्यांना काही झालं नव्हतं, नशिबाचा कारभार असा असतो. धम्मशीलानं माशांच्या खाद्याच्या पुड्या बांधल्या, एका दिवसाला एक, औषधाच्या बांधतात तशा. जारवाल्याला जास्तीचे जार टाकायला सांगितलं. सासूला पट्टी दाखवली. उन्हाळ्यात वरचा पंखा सतत चालू, दिवसाला चार-पाच लिटर पाणी उडणार, तेव्हा सकाळ-संध्याकाळ भरायचं, असं बजावलं. बनाबाई म्हणाली, मले येवढं नाही समजत काय? आणि धम्मशीला गेली.

अमरावतीहून ती रोज फोन करायची. नातू झाला होता, त्याला मांडीवर घेऊन बसली तरी तिचं लक्ष त्या पट्टीवर. म्हातारी रोज एकच सांगायची, पट्टीवर हाय पानी, मासे दोन हायेत, तू पोरीकडं पाह्य.

मे महिन्याच्या मध्यावर ती परतली. शेगावहून एसटीनं वरवटला उतरली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. पिशवी दारात ठेवून ती आधी टाकीकडं गेली. पाणी पट्टीला टेकलं होतं, एक केससुद्धा वरखाली नाही. पण छत्री आखडून मुठीएवढी झाली होती, करड्या रंगाची, कडा गळत होत्या. हिरवा गालिचा गेला होता, नुसता दगड उरला होता. गोगलगाईंचे शंख रिकामे पडले होते. मोठी मादी तळाशी वाळूवर होती आणि भराभर कल्ले हलवत होती. लहान नर तिच्याजवळ.

तिला काही वाटलं नाही. हातपाय धुतले, कपाटातून तपासणीच्या बाटल्या काढल्या, नळीत पाणी घेऊन थेंब मोजले. खारटपणा वाढला होता, पण त्याहून वाईट म्हणजे नायट्रेटचा रंग लालभडक आला, इतका तिनं कधी पाहिला नव्हता. मग तिची नजर कोपऱ्यात गेली. तिथं जार एकावर एक रचले होते. सगळ्यांची सील शाबूत.

तिनं सईदभाईंना फोन लावला. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, जल्दी करू नका भाभी, एकदम सगळं पाणी बदललं तर उरलेलंही जाईल. रोज थोडं काढा, थोडं ताजं घाला. महिन्यात बिघडलं ते सुधारायला वर्ष लागेल, असंही म्हणाले. तिनं ठीक आहे म्हटलं.

बनाबाई मागच्या दारानं आत आली, हातात तांब्या. सुनेला बघून तिचा चेहरा फुलला. धम्मशीलानं विचारलं, आत्याबाई, पाणी कोणतं घातलं? आणि म्हातारीनं सांगितलं, लपवण्यासारखं तिच्या मते काही नव्हतंच.

"आपल्या बोरचं. खाऱ्या पान्याचे मासे ते, त्याईले जारचं गोड पानी काऊन पाजून राह्यली तू? आपल्या पान्याले सारे शिव्या देतेत माय. मानसं मारते म्हनतेत. म्या म्हनलं, कोनाले तरी मानवू दे."

रागावलेल्या माणसाला काहीतरी सुचतं. धम्मशीलाला रागही आला नाही. ती बादली घेऊन टाकीतलं थोडं पाणी उपसायला बसली. म्हातारीला वाटलं, सून प्रवासानं दमली आहे. तिनं चहा ठेवला.

सहा दिवस धम्मशीला रोज एक बादली जुनं पाणी काढत होती, एक बादली जारचं पाणी मीठ कालवून घालत होती. सासूला काही सांगितलं नाही. आता पाणी मीच घालत जाते, एवढंच म्हणाली. चौथ्या दिवशी मोठी मादी मेली. दहा वर्षं जगलेला जीव, पण म्हातारपणानं नाही मेला. प्रेमानंद असता तर नापास म्हणाला असता. तिनं जाळीनं काढून कडुनिंबाखाली पुरली. बनाबाई मात्र त्या माशासाठी पदर तोंडाला लावून रडली, म्हणाली, रोज पानी देल्लं वं म्या, एक दिवस चुकलं नाही. धम्मशीला तिच्याकडं बघत उभी राहिली. आपण माशासाठी रडत नाही, हे ठीक आहे. नवऱ्यासाठीही रडलो नाही, हे तिला तेव्हा पुन्हा आठवलं.

सातव्या दिवशी संध्याकाळी ती अंगणवाडीतून आली तर बनाबाई स्टुलावर उभी. हातात बोरचा तांब्या, वाकून टाकीत ओतायच्या बेतात. दिवसभरात पाणी दोन बोटं खाली गेलं होतं आणि म्हातारीला ते बघवेना. धम्मशीलानं धावत जाऊन तिचं मनगट धरलं. थोडं जोरात धरलं गेलं. म्हातारीला खाली उतरवलं, जमिनीवर बसवलं, स्वतः समोर बसली, आणि मग सगळं सांगितलं. सांगितल्याशिवाय आता गत्यंतरच नव्हतं. पाणी उडून जातं, मीठ तिथंच राहतं. वरून पुन्हा खारं घातलं की त्यातलं मीठही राहतं, सोडाही राहतो, खताचं विषही राहतं. रोज थोडं थोडं साठतं, दिसत काही नाही, आणि एक दिवस आतले जीव मरतात.

शाळेत न गेलेली बाई, पण तिला एका दमात कळलं. खारपाणपट्ट्यात जन्म गेला होता तिचा. पाणी दिलेल्या वावरावर पांढरा थर कसा चढतो ते तिनं पन्नास उन्हाळे पाहिलं होतं. तेच तिनं विचारलं, म्हंजे वावरात होते तसं? धम्मशीला हो म्हणाली.

तांब्या म्हातारीच्या मांडीवर होता, तो तिनं हळूच बाजूला ठेवला. मग पाठीवर, कमरेच्या वर, जिथं किडन्या असतात तिथं हात नेला.

"मंग माह्या आनंदालेबी तसंच झालं न? तानुला होता तवापासून म्याच पाजलं त्याले."

डॉक्टर नक्की सांगता येत नाही म्हणाला होता, हे वाक्य धम्मशीलाच्या ओठापर्यंत आलं. पण ते तिला बोलवेना. समोरची बाई खरं विचारत होती, तिला दवाखान्यातलं उत्तर कसं द्यायचं? आणि तिच्या तोंडून जे निघालं ते तिचं तिलाच नवं होतं. आठ महिने आत ठेवलेलं ते, असं सहज, वरणात मीठ कमी आहे म्हणावं तसं बाहेर पडलं.

"आत्याबाई, त्या दिवशी संध्याकाळी त्याईनं मले पानी मांगतलं होतं. म्या नाही देल्लं. तसेच तहानलेले गेले."

बनाबाईनं वर पाहिलं नाही. फरशीवर बोटानं रेघ ओढत राहिली. मग म्हणाली की मले आयकू आलं होतं, मी ओसरीतच होती.

"तू पोया कराले गेली अन् म्या देल्लं त्याले. माठातलं. तांब्याभर."

तांब्याभर म्हणजे किती, हे त्या घरात धम्मशीलाइतकं कोणाला ठाऊक असणार? एक लिटर, थोडं जास्तच. डायलिसिसला अजून दीड दिवस होता. ते पाणी कुठं चढलं असेल, सकाळपर्यंत त्यानं काय केलं असेल, हे तिला नर्सनं सांगितलेल्या शब्दांसकट समजलं. तिनं चिडायला हवं होतं. दोन वर्षं थेंबथेंब मोजला होता तिनं. म्हातारीही तशीच वाट बघत बसली होती, मान खाली घालून, की आता सून बोलेल.

"सारं पेले?" धम्मशीलानं विचारलं.

"सारं. खाली एक थेंब पडू नाही देल्ला. अन् मले म्हने, आई, शिलेले सांगू नोको, तिनं लय मोजून ठेवलं हाय."

धम्मशीलाला आनंद झाला. दुसरं काय म्हणायचं त्याला? तो तहानलेला गेला नाही, पोटभर पिऊन गेला, आणि जाताना तिच्या मापाची काळजी करून गेला. आनंद झाला याची लाजही वाटली, भीतीही वाटली, आणि छातीत इतकं दुखलं की तिनं फरशीवर हात टेकले.

"बरं केलं, आत्याबाई," ती म्हणाली.

एवढं म्हणेपर्यंत तिला रडू फुटलं. बनाबाईनं तिला जवळ ओढलं आणि तीही रडली. बराच वेळ गेला. मध्ये दारात कोणी शेजारीण येऊन, बघून, तशीच परत गेली. त्या दिवशी दोघींनी चूल पेटवली नाही.